आयर्लंडचा तिसरा खंड

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या मेव्हण्याचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून, नमस्कार. वहिनींनाही सांगा. त्यांचे गुडघे कसे आहेत? मागे त्या म्हणाल्या होत्या की जिना चढताना उजवा कुरकुरतो आणि उतरताना डावा. म्हणजे निदान दोघांनी कामं वाटून घेतली आहेत, हे एका परीनं बरंच म्हणायचं. तुमची झोप, तुमचं पोट आणि ते सकाळचं फिरणं (जे वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतच जातं) सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. पण क्षेम नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे.

फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. दादा, फोनवर तुम्ही फक्त "हं" म्हणता. एक "हं" होकाराचं, एक नकाराचं आणि एक पेपर वाचत असल्याचं, आणि मला तिन्ही सारखीच ऐकू येतात. शिवाय मी तुम्हाला फोन लावला की ही हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभी राहते. तोंडातून एक अक्षर काढत नाही. फोन ठेवला की विचारते, "काय म्हणाला?" मी सांगतो, "हं म्हणाला." मग ती स्वयंपाकघरात जाते आणि आधीच लावलेली भांडी पुन्हा लावते, जरा जास्तच आवाज करून. तेव्हा पत्रच बरं. पत्रावर नुसतं "हं" म्हणून भागत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या बहिणीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते वहिनींकडून तुम्हाला कळलंच असेल. ते उत्तम झालं. खरा घोर डाव्याचा आहे. त्यात मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदूही निघाला. आमच्या डॉक्टरीणबाई (वयानं लहान, पण बोलायला कडक) म्हणाल्या की हा डोळा थांबायला तयार नाही, आपणही थांबू नये. जेवढी नजर जाईल तेवढी कायमची जाईल, नंतर कितीही हातपाय आपटले तरी परत यायची नाही. असं असताना तुमच्या बहिणीनं ठरलेली तारीख रद्द केली. मग दुसरी दिली, तीही रद्द केली. कारण विचारलं तर सांगते, आयर्लंडच्या इतिहासाचा तिसरा खंड मिळाल्याशिवाय आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ती डाव्या डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही. हसू नका. डॉक्टरीणबाई हसल्या. मग मी हसत नाही हे पाहून त्यांनी बॅटरी काढली आणि माझेही डोळे तपासून घेतले.

माझ्या पुस्तकांबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे. (वहिनींनी एकदा फोन चुकून मोठ्या आवाजावर ठेवला होता.) ज्या देशात हा माणूस कधी पाऊल टाकणार नाही त्या देशाच्या भांडणांनी ह्यानं घर भरलंय, असं तुम्ही म्हणाला होतात. खरं आहे. पण मी ते ठरवून केलेलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत होतो तेव्हा मला पाइपांच्या जोडांवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं, आणि ते पुलाखालच्या गठ्ठेवाल्याकडे दिसलं. गठ्ठेवाल्याचा कायदा तुम्हाला माहीत नसणार. त्याच्याकडे सुटं पुस्तक मिळत नाही. लोकांच्या घरून जुनी पुस्तकं आली की तो त्यांचा गठ्ठा करतो, सुतळीनं करकचून बांधतो आणि गाठ मारतो. ती गाठ गिऱ्हाइकानं आपल्या घरी जाऊन सोडायची. दुकानात गाठ सुटली की धंदा बसला, असं त्याचं म्हणणं, कारण मग जो तो मलई काढून नेणार आणि पाणी त्याच्या गळ्यात राहणार. वरची दोन-चार पुस्तकं तो कणा बाहेर करून लावतो. मधली सगळी उलटी, म्हणजे नुसत्या पिवळ्या कडा दिसतात आणि माणसाची आशा सुटत नाही. मी तो गठ्ठा आणला. पाइपांचं पुस्तक निघालं मातीच्या पाइपांचं, आमच्याकडे होते लोखंडी. पण त्याच्या खाली कुणा पाद्र्यानं लिहिलेल्या आयर्लंडच्या चार खंडी इतिहासाचा पहिला खंड होता, हिरव्या कापडाचा, सोनेरी अक्षरांचा. एका रविवारी सहज उघडला तर त्या भल्या माणसानं एक नदी एका पानावर डोंगरातून समुद्राकडे नेली होती आणि पुढच्याच पानावर समुद्रातून डोंगराकडे. मी जन्मभर पाणी उतारानं नेणारा माणूस. मला ते सहन होईना. ही चूक तो पुढे सुधारतो की नाही हे बघायला म्हणून दुसरा खंड शोधला. त्यानं चूक सुधारली नाही, पण तोवर मी पुरता अडकलो होतो.

मग काय, जिथे जुनी पुस्तकं तिथे मी. आयर्लंडच्या लढाया, आयर्लंडचे बिशप, आयर्लंडचे बटाटे, एक जाडजूड ग्रंथ तर फक्त तिथल्या कुंपणांवर. आणि गठ्ठेवाल्याच्या कायद्यामुळे प्रत्येक आयर्लंडमागे आणखी खोगीरभरती घरात आली. शेळ्यांचे रोग, लोकरीच्या टोप्यांचे नमुने, मधमाशीपालन, लघुलेखन. (खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आज ज्या मधमाश्या पाळतात त्या माझ्या पुस्तकांच्या जिवावर. त्या माश्या आमच्याच गच्चीवर येऊन बसतात, ह्याला कृतज्ञता म्हणावं की काय ते ठरत नाही.) ह्या सगळ्यावर तुमची बहीण इतकी वर्षं एकच वाक्य बोलत आली: "मी गेले की मला ह्याच पुस्तकांत पुरा, जागा दुसरीकडे नाहीच." मी ते मनावर घेतलं नाही. संग्राहकानं घरच्यांचं मनावर घेऊन चालत नाही.

उजव्या डोळ्यावर पट्टी आली आणि तिला सगळ्याचीच बंदी झाली. वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही, शिंकायचं झालं तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "काहीतरी वाचून दाखवा, नाहीतर मी उठून खिडक्या पुसायला लागेन." शेळ्या की आयर्लंड, असा पर्याय मी पुढे ठेवला. खोटं कशाला सांगू, तिनं आधी शेळ्याच मागितल्या. पण खुरांच्या आजाराशी आलो तेव्हा तिलाच मळमळायला लागलं आणि नाइलाजानं आयर्लंड उघडलं गेलं. पहिले काही दिवस तिनं मला वाचू दिलं नाही, नुसती उलटतपासणी घेतली. ह्या सरदारांना घरी काही कामं नव्हती का? बापाचं, मुलाचं आणि पुतण्याचं नाव एकच ठेवायला तिथे नावांचा दुष्काळ होता का? शेवटी तिनं सगळ्यांना आपल्या सोयीची नावं दिली. एक रडका, एक दाढीवाला, एक घोड्यावरून पडलेला. मग माझीच पंचाईत होऊ लागली. मी म्हणायचो, आता राजा किल्ल्याला वेढा घालतो, आणि ती म्हणायची, "कोण, घोड्यावरून पडलेला? त्याला कसं जमणार, त्याचा पाय अजून बरा नाही." मी मागची पानं चाळली. खरंच बरा नव्हता. पाद्री विसरला होता, मी विसरलो होतो, हिच्या लक्षात होतं.

पण तिला खरा लळा लागला तो एका विधवेचा. पाद्र्याला स्वतःला तिचं काही पडलेलं नाही, त्यानं तिला पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, टीपेत टाकलंय. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात बोटींचे दोर विकणारी ही बाई. बटाट्यांवर कीड पडली, गाव उपाशी मरायला लागलं, तेव्हा तिचा भाऊ परदेशी जाणाऱ्या जहाजावर निघाला आणि म्हाताऱ्या आईलाही बरोबर घेऊन निघाला. विधवा म्हणाली, आईला नेऊ नकोस, तिला हे झेपणार नाही. भाऊ म्हणाला, इथे राहून काय होणार आहे, तिथे निदान पोटाला मिळेल. नेली. आई पोचली नाही. पुढे भावानं निरोप धाडला की मी परत येतोय. इथे दुसरा खंड संपतो. तिसरा आपल्याकडे नाही. चौथ्यात तिचा उल्लेख फक्त एका ओळीत येतो: बंदराचा नवा धक्का बांधला तेव्हा ती विधवा संध्याकाळपर्यंत ज्या दगडावर बसून राहिली होती तो दगड मजुरांनी जागचा हलवला नाही. बस, एवढंच. मी वाचलं आणि पान उलटलं. ही म्हणाली, "थांबा. ती बसली का होती?" मी म्हटलं, तिसऱ्या खंडात असेल. "नाही, पण का बसली? त्याची वाट बघत बसली, की पाय दुखले म्हणून बसली? आणि तो आला का?" मी म्हटलं, अगं, टीप आहे ती, त्यावर एवढा जीव टांगू नये. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याची तारीख रद्द झाली.

तेव्हा मी शोधाला लागलो. आधी गठ्ठेवाल्याकडे. त्याला म्हटलं, बाबा रे, तिसरा खंड. तो म्हणाला, "काका, तिसरा कुणी विकत नाही. पहिला विकतात कंटाळून, शेवटचा विकतात न उघडता. तिसऱ्यापर्यंत जो जातो तो पुस्तक सोडत नाही." हे ऐकून मी परत फिरणार, तोच कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याच्या पोटात हिरवं कापड दिसलं, अगदी आपलंच हिरवं, उन्हानं तसंच विटलेलं. मी बोट घालून बघायला लागलो तर त्यानं माझं बोट बाहेर काढलं. गाठ घरी. तो गठ्ठा घेऊन मी तीन मजले चढलो (लिफ्टवर "बंद" अशी पाटी आहे, तीही आता जुनी झाली), उंबऱ्यातच बसून दातांनी सुतळी तोडली. ही आतून विचारतेय, "मिळाला? मिळाला का?" निघाला दुसरा खंड. आता माझ्याकडे दुसऱ्या खंडाच्या प्रती झाल्या तीन. बाकीची सगळी पुस्तकं ह्या वेळी मेंढ्यांवर होती. सुतळी तोडताना एक दाढ डुलायला लागली ती वेगळीच.

ह्या डुलणाऱ्या दाढेमुळेच मी दंतवैद्याकडे गेलो असं तुम्हाला वाटेल, पण तो देखावा होता. मी गेलो खंडासाठी. चौकाच्या पलीकडे जो नवा दंतवैद्य आलाय त्याच्या बाहेरच्या खोलीत छतापर्यंत काचेचं कपाट आहे, आणि रस्त्यावरून जाताना मला त्यात हिरव्या कण्यावर सोनेरी तीनचा आकडा स्पष्ट दिसला होता. आत जाऊन काचेला नाक लावलं. तोच खंड! कपाटाला कुलूप. तिथल्या बाई म्हणाल्या, पेशंट असाल तर बसा, नसाल तर काच पुसून जा. बसलो. बसलो म्हणजे शेवटी खुर्चीतही बसावं लागलं. दंतवैद्यानं दाढ बघितली आणि मी "पण आधी ते पुस्तक" म्हणेपर्यंत ती त्याच्या चिमट्यात होती. तोंडात कापूस घेऊन मी त्याचा हात धरला, त्याला कपाटापर्यंत ओढत आणला आणि बोटानं दाखवलं. माणूस खूश झाला. कुलूप काढलं, दार उघडलं. दादा, तिथे पुस्तक नव्हतं. एकही नव्हतं. नुसते कणे होते, कापून ओळीनं फळीवर चिकटवलेले. म्हणाला, "सजावटवाल्यानं करून दिलंय. आतले कागद रद्दीत काढले, धूळ फार बसते." मी त्या हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं दाढ दुखतेय. त्यानं मला एक गोळी दिली आणि पाठीवर थोपटलं. त्या कोऱ्या फळीमागे ती विधवा कुठेतरी होती, दादा, आणि ती रद्दीत गेली.

सुजलेला गाल घेऊन घरी आलो. ही खुर्चीत बसली होती, उजव्या डोळ्याची पट्टी आता निघालेली, डावा मिटलेला. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तिसरा दादाकडे आहे. त्याला लिहा." मी चमकलोच. "दादा" हा शब्द तिच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली ते तुम्हाला माहीत आहे. (एरवी तुमचा उल्लेख "तिकडे" असा होतो. "तिकडे फोन केलात का?") मी म्हटलं, त्यांच्याकडे कसा? ती म्हणाली, "आईच्या वेळी बाकावर बसून तोच वाचत होता. तुम्हीच दिला होतात त्याला, वेळ जायला म्हणून." आणि मग मला आठवलं. खरंच, मीच दिला होता. तेव्हा माझ्याकडे चारही होते, तिसरा मी अजून उघडलाही नव्हता, आणि तेव्हापासून तीनच आहेत, आणि त्या तिसऱ्याची रिकामी जागा मी इतकी वर्षं कपाटात बघत आलो पण तो कुठे गेला ते आठवायला धजलो नाही. त्या दिवसांनंतर तुमच्याकडे पुस्तक मागणं शोभलं नसतं.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही असं ठरवून बसलो होतो, पण लिहितो. आईंना काचबिंदू होता. ही नको म्हणत होती, म्हणत होती की आहे तेवढं दिसतंय ते दिसू दे. तुम्ही म्हणालात, काही होत नाही, मी आहे ना. तुम्ही त्यांना ऑपरेशनला नेलंत. आत नेल्यावर तुम्ही बाकावर बसलात, मांडीवर माझा हिरवा खंड. समोरच्या भिंतीला टेकून ही उभी. शेवटी डॉक्टर बाहेर आले, आणि आईंना पुन्हा कधी दिसलं नाही. मग ही तुम्हाला काय काय बोलली ते मी ऐकलंय, तुम्ही काहीच उत्तर दिलं नाहीत तेही बघितलंय. दोष तुमचा नव्हता. तो डोळा आधीच गेल्यात जमा होता, हे तेव्हाच्या डॉक्टरांनीही सांगितलं, आताच्या डॉक्टरीणबाईंनीही जुने कागद बघून सांगितलं. हिलाही ते कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? आई पुढे जेवढी वर्षं होत्या तेवढी हिचा हात धरून घरात वावरल्या, आणि रोज विचारायच्या, "दादा आला का गं?" ही सांगायची, "नाही आला." तुम्ही यायचात, दारातून वहिनींना आत पाठवायचात आणि स्वतः खाली उभे राहायचात, हे तिनं आईंना कधीच सांगितलं नाही. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, आणि आज लिहून टाकतो.

आता तोच काचबिंदू हिला आहे आणि ती घाबरली आहे. तसं बोलून दाखवणार नाही, तुमच्या घराण्यात भीती बोलून दाखवायची पद्धत नाही. तिला दिसेनासं झालं तर मी तिचा हात धरीन, त्यात काय एवढं? पण ती मला हात धरू द्यायची नाही, भिंत धरून चालेल, आणि वर मलाच म्हणेल, तुमची पुस्तकं वाटेतून उचला. मलाही भीती वाटते, दादा. मला फार भीती वाटते.

तेव्हा कृपा करून तो खंड शोधा. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, माळ्यावर, वहिनींच्या शिवणयंत्राखाली, कपाटाचा पाय समतल करायला कुठे घातला असेल तर तिथेही. (तसं असलं तरी मी एक अक्षर बोलणार नाही.) हिरवं कापड, सोनेरी तीन. वहिनींना मदतीला घेऊ नका, गुडघे आहेत. आणि एक विनंती, आधीच करून ठेवतो. तुम्हाला वाचताना पानाचा कोपरा दुमडायची सवय आहे. खूण म्हणून दोरा घाला, कागद घाला, वाटलं तर चमचा घाला, पण कोपरा दुमडू नका. चांगल्या घरातल्या माणसानं करायची ती गोष्ट नाही. नात्याकडे बघून मी आजवर बोललो नव्हतो.

वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा एकत्रित.

तुमचा,
आयर्लंडवाला मेव्हणा

ता. क. खंड सापडला तरी पार्सलनं पाठवू नका. पार्सलवाले कोपरे ठेचतात. स्वतः घेऊन या. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मी त्यांना रोज जाऊन सांगतो की नक्की होणार, आणि त्या रोज विचारतात, "खंड आला का?" तुम्ही रविवारी पोचलात तर बरं पडेल.

ता. क. दुसरा. वरचं पत्र हिला वाचून दाखवलं. (आईंचा परिच्छेद आणि भीतीचा परिच्छेद गाळून. ती म्हणाली, "मध्ये काहीतरी गाळलंत." मी म्हटलं, वहिनींचे गुडघे.) तिचा निरोप असा, शब्दाला शब्द: "त्याला म्हणावं, पुस्तक शोधत बसू नकोस. नाही सापडलं तरी तसाच ये." मी म्हटलं, अगं, मग ऑपरेशन? तर म्हणाली, "तो आल्यावर बघू." मी म्हटलं, तो पुस्तकाशिवाय आला तर त्या विधवेचं काय झालं ते कळणार कसं? तर माझ्यावरच खेकसली, "तुम्हाला मेलं पुस्तकाशिवाय काही सुचत नाही!" ज्या बाईनं महिनाभर मला एका खंडासाठी गावभर फिरवलं, जिच्यापायी माझी दाढ गेली, ती मला हे बोलते. मला काही उलगडा होईना. जसं आहे तसं कळवतो.

ता. क. तिसरा. हा तुमच्या-माझ्यात. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. सकाळी ही शेजारी गेली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळा टिपायला मऊ, जुनं, धुतलेलं कापड सांगितलंय, म्हणून मी पलंगाखालची आईंची पेटी ओढली. तिला एरवी मी हात लावत नाही. आईंच्या जुन्या चादरीच्या घडीत त्यांचा चष्मा होता, आणि चष्म्याखाली तिसरा खंड. तुम्ही तो कधी नेलाच नव्हता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तुमच्या मांडीवरून तो पडला असणार, आणि तुम्ही निघून गेल्यावर हिनं बाकाखालून उचलला असणार. इतकी वर्षं तो माझ्याच उशीखाली हातभर अंतरावर होता, आणि मी मेंढ्या आणतोय.

एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. तो तुम्हीच दुमडलात. त्या दिवशी तिथवर आला होतात.

मी पुढचं वाचलं नाही. विश्वास ठेवा, हात शिवशिवत होते. पण ती बाई पाय दुखले म्हणून बसली नव्हती, एवढं मला न वाचताच कळलं. खंड होता तसा चादरीत ठेवला, वर चष्मा ठेवला, पेटी सरकवली आणि कापड म्हणून माझा स्वतःचा जुना सदरा फाडला. तुम्ही रिकाम्या हातानं या. दारात आल्याबरोबर सांगा, सगळं घर धुंडाळलं, खंड काही सापडला नाही. ती तुम्हाला फाडफाड बोलेल. बोलू द्या, खूप साठलंय. फक्त ह्या वेळी खाली उभे राहू नका, वर या.

आणि तो कोपरा मी सरळ केलेला नाही.